बॅग भरण्याआधी एक मेल

मावशी,

मी 23 वर्षांची. बीकॉम झालंय, सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात अकाउंट्स बघते. पगार 14 हजार. पप्पा रेल्वेत होते, चार वर्षांपूर्वी गेले. घरी मम्मी आणि बारावीतला भाऊ. आम्ही कॅथलिक, मूळचे श्रीरामपूरकडचे. पॅरिशच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, यूथ ग्रुपबरोबर पुण्याला रिट्रीटला, प्रार्थना शिबिराला, गेले होते, तिथे एक टीम आली होती, सगळी माझ्याच वयाची. त्यांचा सुवार्ताप्रसाराचा पाच महिन्यांचा निवासी कोर्स आहे. तीन महिने वर्ग, दोन महिने आउटरीच, म्हणजे बाहेर लोकांत जाऊन काम. फी 40 हजार, भरली की परत नाही. फोन फक्त रविवारी एक तास. गड्ड्याची यात्रा संपली की लगेच बॅच सुरू. मला जायचंय. मम्मी रडते, म्हणते नन व्हायला चाललीस. मामा म्हणतो, धर्मांतराच्या केसमध्ये अडकशील. मिरजेचं एक स्थळही आलंय. ही देवाची हाक आहे की मी टॅलीला कंटाळून पळतेय, तेच कळेना झालंय.

– एक वाचक, रेल्वे लाईन्स

*

बाळा,

तुझं पत्र चार पानांचं होतं, वर कापून दिलंय. कापता कापता मी एक चावटपणा केला. मोजलं. टॅली सात वेळा आली, येशू तीन वेळा. पप्पा एकदा, तेही अर्ध्या ओळीत.

रागावू नकोस. मी पळतेय का, असं जी स्वतःच विचारते ती नुसतीच पळत नसते. थोडी पळत असते, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. कंटाळा आल्याशिवाय माणूस जागचा उठतो कधी? येशूचा शिष्य मत्तय जकातीच्या नाक्यावरून उठला, तेव्हा त्यालाही खतावणीचा वीट आला नसेल कशावरून? हाक कुठल्या खुर्चीवर बसलेली असताना आली याला फार महत्त्व नसतं. ती चार दिवस टिकते का, ते बघायचं.

ते बघायची एक जुनी रीत आहे. लोयोलाचा इग्नेशियस, जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाचा संस्थापक, 1521 साली पाम्पलोनाच्या लढाईत पायाला तोफगोळा लागून घरी पडून होता. वेळ जाईना म्हणून त्याने शूरवीरांच्या कथा मागितल्या. घरात होतं येशूचं चरित्र आणि संतांच्या कथा, मग तेच वाचत बसला. मधेच पुस्तक मिटून तो स्वप्नं बघायचा. कधी एका थोर घरच्या बाईसाठी पराक्रम गाजवायची, कधी संतांसारखं अनवाणी यात्रेला जायची. दोन्ही स्वप्नं बघताना सारखीच गोड. फरक पडायचा तो नंतर. पहिल्या स्वप्नानंतर मन कोरडं व्हायचं, दुसऱ्यानंतर बराच वेळ प्रसन्न राहायचं. एवढ्याशा निरीक्षणावर पुढे त्याने मनाची पारख करण्याचे नियम बांधले.

तुझ्या बाबतीत हे कसं करायचं सांगते. रिट्रीटच्या शेवटच्या दिवशी काय वाटलं ते सोडून दे. गिटार, मेणबत्त्या, शंभर पोरांनी हात वर करून गायलेलं गाणं, त्यात कुणालाही जावंसं वाटतं. तू महिन्याची 19 तारीख घे. दुसऱ्या दिवशी जीएसटीचा थ्री-बी भरायचाय, पोर्टल गोल गोल फिरतंय, सेठ दारात उभे. त्या दिवशी कोर्स आठवला की सुटका वाटणारच, ते धरू नकोस. मग 24-25 तारीख बघ. काम हलकं झालंय, कुणी ओरडलेलं नाही, दुपारी चहा प्यायलीस. तेव्हाही तो कोर्स मनात येतो का? आला तर नंतर मन कसं राहतं? वहीत एक ओळ लिही, तारखेसकट. दोन महिने. हिशेब लिहायची तुला सवयच आहे, तीच वापर.

इग्नेशियसचा आणखी एक नियम लक्षात ठेव. मन अंधारलेलं असताना आधीचा निर्णय बदलायचा नाही. मम्मी रडली त्या रात्री नाव रद्द करू नकोस, आणि सेठ बोलले त्या संध्याकाळी फी भरू नकोस.

मम्मीचं नन प्रकरण तर सोपं आहे. पाच महिन्यांत कुणी नन होत नाही. कॉन्व्हेंटमध्ये आधी उमेदवारी, मग नॉव्हिशिएट, म्हणजे व्रतांआधीचं प्रशिक्षण, ते चर्चच्या कायद्याने किमान 12 महिन्यांचं. मग तात्पुरती व्रतं, किमान तीन वर्षांसाठी. कायमची व्रतं त्यानंतर. तू निघालीस तो प्रापंचिकांचा कोर्स आहे. व्रत नाही, झगा नाही, संपला की गाडीत बसून सोलापूर. असले प्रयोग जगात बरेच चालतात. अमेरिकेत मिनेसोटात 1981 पासून नेट मिनिस्ट्रीजची तरुण मुलं टीम करून गावोगावच्या पॅरिशमध्ये रिट्रीट घेत फिरतात. आपल्याकडे केरळात उभी राहिलेली जीझस यूथ ही चळवळ घे. तिला 2016 मध्ये व्हॅटिकनची मान्यता मिळाली, आणि तिच्यातही शिक्षण-नोकरीतून एक वर्ष काढून देणारी मुलं असतात. वर्ष संपलं की पुन्हा आपापल्या कामाला.

हे सगळं मम्मीला सांग. तिला काही फरक पडणार नाही, तरी सांग. कारण ती ननसाठी रडत नाहीये. चार वर्षांपूर्वी तिच्या घरातून एक माणूस गेला तो परत आला नाही, आता दुसरं बॅग भरतंय. या भीतीला नाव सापडेना, म्हणून तिने नन हा शब्द धरलाय. हिला वाद घालून काय पटवणार? तिला तुझ्याबरोबर तिथे ने. कोर्स सुरू व्हायच्या आधी एक दिवस, जाऊन-येऊन. खोली बघू दे, स्वयंपाकघर बघू दे, जिच्या ताब्यात तुला द्यायचं त्या बाईशी पाच मिनिटं बोलू दे. पालकांना यायला मनाई असेल तर प्रश्नच मिटला, तूही जाऊ नकोस.

भावाची बारावी तू चार अक्षरांत उरकलीस. गड्डा संपतो जानेवारीत, त्याचे पेपर फेब्रुवारीत. तो मुलगा तोंडाने म्हणणार नाही, पण बाप नसलेल्या घरात बोर्डाच्या परीक्षेला डबा कोण देतं, पहाटे कोण उठवतं, पेपर अवघड गेला तर रात्री कोणाशी बोलायचं, हे सगळं मम्मी एकटीवर येईल. पुढची बॅच कधी आहे, एवढं विचार. उत्तर काय येतं त्यावर मी त्या संस्थेची निम्मी परीक्षा करीन. ‘हरकत नाही, जूनमध्ये या, भावाला आमच्या शुभेच्छा,’ असं म्हणाले तर माणसं बरी. ‘देवाची हाक थांबत नसते,’ असं कुणी म्हणालं तर फोन ठेव. देव थांबतो गं. बायबलमधल्या मोशेला हाक मारायला ऐंशी वर्षं थांबला.

मामांचं म्हणणं अगदीच उडवून लावू नकोस. संविधानाच्या 25व्या कलमाने धर्म मानण्याचा, पाळण्याचा आणि प्रसार करण्याचा हक्क दिलाय. 1977 मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की प्रसार म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वं समजावून सांगणं, दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क त्यात बसत नाही. ओडिशाने 1967 मध्ये यावर कायदा केला, पुढे बऱ्याच राज्यांनी केले, आणि प्रत्येकाची कलमं वेगळी. तुझी आउटरीच कुठल्या राज्यात, कोणाच्या परवानगीने, कोणासमोर, हे आधी लेखी माहीत पाहिजे. पॅरिशच्या हॉलमध्ये कॅथलिक मुलांचं शिबिर घेणं वेगळं, परक्या राज्यात अनोळखी वस्तीत पत्रकं वाटणं वेगळं. पोप जॉन पॉल दुसरे ज्याला नवा सुवार्ताप्रसार म्हणत आले, त्याचा रोख मुख्यतः बाप्तिस्मा होऊनही देवळापासून लांब गेलेल्यांकडे होता. आपल्याच रविवारच्या मिस्साला मागच्या बाकांवर बघ, काम भरपूर आहे.

आणि कायद्याचं सोड, चर्चचं स्वतःचंही म्हणणं ऐक. 1965 मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने धर्मस्वातंत्र्याच्या घोषणापत्रात सांगितलं की श्रद्धेच्या बाबतीत कुणावर बळजबरी नको. 1990 मध्ये जॉन पॉल यांनी परिपत्रकात लिहिलं की चर्च पुढे ठेवतं, लादत नाही. म्हणून हॉस्पिटलच्या खाटेवरच्या गरीब माणसाला बिस्किटाचा पुडा देऊन ‘आता आमच्याबरोबर प्रार्थना करा’ म्हणायला कुणी लावलं, तर मामांना आवडणार नाही ते बाजूलाच राहू दे, ते कॅथलिक शिकवणीतच बसत नाही. तिथे नाही म्हणायचं तुला जमलं पाहिजे.

आता माझी गोष्ट. मुद्दाम उशिरा सांगतेय, कारण ती सांगितली की लोक पुढचं वाचत नाहीत.

1984 साली मी 22 वर्षांची होते आणि असल्याच एका निवासी प्रशिक्षणाला तीन महिने गेले होते. दुसऱ्या जिल्ह्यात, जागेचं नाव नको. बारा मुली, एक न्हाणीघर. पहिलं भांडण त्रैक्यावरून झालं नाही, बादलीवरून झालं. पहाटे पाचला पाणी यायचं, अर्ध्या तासात जायचं, आणि एक मुलगी तेवढ्यात केस धुवायची. सकाळी मौन, मग पवित्र शास्त्र, दुपारी चाळीस माणसांची भांडी. राखेने. मी घरी एकुलती एक मुलगी, आयुष्यात पहिल्यांदा चाळीस माणसांचा भात केला तो तिथे, आणि तो खालून करपला. संध्याकाळी साक्ष द्यायचा सराव. आपल्या आयुष्यात देवाने काय केलं ते तीन मिनिटांत सांगायचं, रडायचं नाही, उपदेश करायचा नाही. एका गावच्या हॉलमध्ये मी पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा गुडघे लटपटत होते आणि पुढच्या बाकावरची आजी घोरत होती. त्या तीन मिनिटांवर मी पुढे 31 वर्षं शाळेत शिकवलं. हे कर्ज मी नाकारत नाही.

पण दहाव्या आठवड्यात मला भावाचं एक निळं आंतर्देशीय मिळालं. कडेला गोंद दोनदा लावलेला दिसत होता. आत लिहिलं होतं, वडिलांना टायफॉइड झालाय, रेल्वे हॉस्पिटलात ठेवलंय, तू ये. तारीख अकरा दिवसांपूर्वीची. मी प्रशिक्षण चालवणाऱ्या बाईंना विचारलं. त्या शांतपणे म्हणाल्या, महत्त्वाचं सत्र चालू होतं, तुझं मन विचलित होऊ नये म्हणून ठेवलं होतं, आम्ही सगळ्यांनी त्यांच्यासाठी प्रार्थना केली. मला न सांगता माझ्या वडिलांसाठी प्रार्थना केली! वडील बरे झाले, पुढे बरीच वर्षं जगले. पण मी घरी पोचले तेव्हा त्यांनी काही विचारलं नाही, भिंतीकडे तोंड करून झोपले. ते अकरा दिवस आमच्यात शेवटपर्यंत राहिले.

त्या बाई दुष्ट नव्हत्या. हेच तुला सांगायचंय. भजन म्हणताना त्यांचे डोळे भरून यायचे. पण पत्र कुणाला कधी द्यायचं हे ठरवणारी एकच व्यक्ती होती, आणि तिच्या वर आम्हाला दिसेल असं कुणी नव्हतं.

म्हणून फोन रविवारी एक तास, याला माझी ना नाही. उलट बरंच आहे, तुझ्या पिढीला ते औषध आहे. माझी ना त्या फोनच्या दुसऱ्या टोकाला आहे. मम्मीला बुधवारी रात्री अकराला तुला गाठायचं झालं तर कुठल्या नंबरवर, कोण उचलणार, आणि निरोप तासाभरात तुझ्यापर्यंत पोचणार का? याचं उत्तर लेखी घे.

तेच इतर गोष्टींचं. संस्थेला एक साधा मेल लिही, चांगल्या मराठीत किंवा तुझ्या ऑफिसच्या इंग्रजीत. कुठल्या बिशपांच्या परवानगीने काम चालतं ते विचार, आणि ती परवानगी खरी आहे का हे आपल्या फादरांना पुण्याच्या बिशप हाऊसमध्ये विचारायला सांग. सोलापूर पुणे धर्मप्रांतातच येतं, एका फोनचं काम आहे. मधेच सोडून यावं लागलं तर फीचं काय, ते विचार. परत नाही म्हणजे पहिल्या आठवड्यात आजारी पडून आलं तरी नाही का? मूळ मार्कशीट आणि आधार त्यांच्या कपाटात ठेवायला मागत असतील तर देऊ नकोस, झेरॉक्स दे. कुणी औषधं घेत असेल तर प्रार्थनेच्या नावाखाली ती बंद करायला सांगतात का, हेही बघ. तुला थायरॉइडची गोळी चालू आहे असं तू तिसऱ्या पानावर लिहिलंयस. ती गोळी रोज सकाळी उपाशीपोटी, कुणाला कितीही दर्शन झालं तरी.

सगळ्यात नाजूक प्रश्न कन्फेशनचा. पापनिवेदन ऐकणारे फादर आणि तुला कोर्समध्ये ठेवायचं की काढायचं हे ठरवणारी व्यक्ती, दोन वेगळी माणसं हवीत. तुझं मन उघडं करून दाखव असा वरिष्ठांनी आग्रह धरायला चर्चच्या कायद्यात व्रतस्थांच्या बाबतीतही मनाई आहे. तू तर प्रापंचिक. गटात बसून सगळ्यांसमोर ‘तुझी सगळ्यात मोठी जखम सांग’ म्हणाले, तर पप्पांबद्दल तुला वाटेल तेवढंच सांग, आणि नाही वाटलं तर आज नको म्हण. त्या ‘आज नको’ला तिथे मान मिळतो का, ते तुला दोन दिवसांत कळेल.

आणि तक्रार कोणाकडे करायची, ते विचार. वाईट वाटून घेणार नाहीत. घेतलं तर त्यांना रोमची बातमी कळलेली नाही. 2021 मध्ये व्हॅटिकनने अशा आंतरराष्ट्रीय संघटनांच्या प्रमुखांच्या कारकिर्दीला मर्यादा घातली, एका वेळी पाच वर्षं, सलग जास्तीत जास्त दहा. एकाच माणसाच्या हाती सगळं राहिलं की काय होतं हे बघूनच हे झालं. 2023 मध्ये लैंगिक अत्याचाराच्या तक्रारींचे नियम वाढवून त्यात या संघटनांचे प्रापंचिक प्रमुखही आणले. विचारणं म्हणजे अश्रद्धा, असं कुणी सांगितलं तर हे दोन आकडे तोंडावर ठेव.

पैशांचा हिशेब तू पत्रात मांडलाच नाहीस. अकाउंट्सवाली मुलगी! फी 40 हजार. पाच महिन्यांचा बुडालेला पगार 70 हजार. एक लाख दहा, प्रवास वेगळा. मम्मीच्या फॅमिली पेन्शनमधून एक रुपयाही घेऊ नकोस, आणि पीएफला हात लावू नकोस. फीपैकी अर्धे तू साठव, उरलेल्यांसाठी पॅरिश कौन्सिलला अर्ज कर. पॅरिशने काही घातलं तर परत आल्यावर युवकांसाठी काय करशील हे ते विचारतील, आणि तो प्रश्न तुझ्या फायद्याचाच आहे. सेठना राजीनामा देण्याआधी बिनपगारी रजा माग. नाही म्हणतील बहुतेक. पण मार्च एण्डिंग सोडून जूनला जाते म्हणालीस तर चेहरा बदलेल बघ त्यांचा. जूनच्या बॅचसाठी आणखी एक कारण.

मिरजेच्या मुलाला खरं सांग. जूनपासून पाच महिने मी नाही, त्यानंतर बोलू. थांबला तर भेट. नाही थांबला तर चहाचे पैसे वाचले.

मला काय वाटतं ते सांगू? जा. पण जानेवारीत नको. या रविवारी मिस्सा झाल्यावर मम्मीला घेऊन फादरांना भेट, घाईत दारात नको, ऑफिसात बसून. भाऊ पेपर संपवू दे. वहीतल्या ओळी दोन महिन्यांनी पुन्हा वाच, आणि सगळ्या तारखा 19 ते 20च निघाल्या तर कोर्सचं राहू दे, आधी नोकरी बदल.

गेलीस तर चादर आपली ने, तिथल्या सतरंज्या काही कामाच्या नसतात. कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी भरपूर ने, महिनाभर टिकते, आणि बादलीचं भांडण मिटवायला तिच्यासारखं काही नाही.

मेल आजच टाक. उत्तर आलं की मला कळव. पंधरा दिवसांत नाही आलं, तर तेही कळव.

– मावशी